त्याच नावाची फाईल

“कॉलर मोठी करा, भाऊ.”

वायरमनने माउसचं चाक फिरवलं. पडद्यावरचा चेहरा वर सरकून नाहीसा झाला आणि निळ्या शर्टाची मळकी कॉलर पडदाभर पसरली. शिवणवाल्या ताईंनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला, पुढे वाकून टीप पाहिली आणि मान हलवली.

“नाही. हा रेडिमेड आहे. पुढचा.”

इस्पितळाच्या तळमजल्यावरच्या त्या खोलीला ओळखकक्ष म्हणत. शहरात सापडलेल्या, ओळख न पटलेल्या प्रेतांचे फोटो तिथल्या तीन काँप्युटरांवर दाखवत असत. ज्यांचं माणूस हरवलंय त्यांनी यायचं, वहीत सही करायची आणि बघत बसायचं. प्रेतं खोलीच्या बरोबर खाली, तळघरातल्या शवागारात असत. काही नदीपलीकडच्या छोट्या इस्पितळातही असत.

वायरमन हुद्द्याने सिस्टीम असिस्टंट होता. पण नोकरीच्या पहिल्याच दिवशी सगळ्यांनी त्याला शिडीवर चढून छतातून वायर ओढताना पाहिलं, आणि तेव्हापासून बावीस वर्षं तो वायरमनच राहिला. पंखा बंद पडला तरी त्यालाच हाक मारायचे आणि तोही बिचारा जायचा. खालून आणि नदीपलीकडून फोटो या खोलीत कसे येतात, हे त्याच्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं. कोणाला ते जाणून घ्यायचंही नव्हतं. फोटो दिसले की झालं.

ताई सात महिन्यांपासून दर बुधवारी यायच्या. साठीच्या असतील. एका जिन्याखाली मशीन टाकून त्या जुने कपडे दुरुस्त करत. त्यांच्या नवऱ्याला विसरायला व्हायला लागलं होतं. आधी चाव्या, मग दिवस, मग घराचा मजला. एका दुपारी ताईंनी त्यांना कोपऱ्यावरच्या दुकानात काळ्या दोऱ्याचं रीळ आणायला पाठवलं. तेवढं काम त्यांना अजून जमत होतं. त्या दिवशी जमलं नाही.

“चेहऱ्याचं काय घेऊन बसलात?” सुरुवातीला कधीतरी ताई त्याला म्हणाल्या होत्या. “चार दिवसांत चेहरा आपलाच आपल्याला ओळखू यायचा नाही. शिलाई नाही बदलत. आमच्या ह्यांच्या अंगावर राखाडी चौकड्यांचा शर्ट होता, त्याची कॉलर मी उलटवलेली आहे.”

कॉलर घडीवर झिजली की ताई ती उसवत, उलटी करत आणि परत जोडत. झिजलेली बाजू आत जाते आणि शर्ट आणखी दोन वर्षं चालतो. चौथ्या महिन्यात त्यांनी वायरमनचीही कॉलर अशीच उलटवून दिली होती. हा शर्ट पुढच्या बुधवारी घेऊन या, असा हुकूमच सोडला होता त्यांनी. पैसे विचारल्यावर म्हणाल्या, “तुम्ही मला एवढे मेलेले दाखवता त्याचे घेता का काही?” त्या आपल्याच बोलण्यावर हसल्या होत्या. वायरमनला मात्र हसावं की नाही ते कळेना.

आजही फोटो संपले. ताईंनी पिशवी उचलली, वहीत जाण्याची वेळ लिहिली.

“येते बुधवारी.”

“या ताई,” वायरमन म्हणाला. गेल्या तीस बुधवारांत त्याने दुसरं काही म्हटलं नव्हतं.

पुढच्या सोमवारी नवा सर्व्हर आला. जुन्याची डिस्क कुरकुरायला लागून वर्ष झालं होतं, आणि वर्षभर वायरमन साहेबांच्या कानीकपाळी ओरडत होता. खोकं उघडताना त्याला मनापासून आनंद झाला. त्याच्या कामात आनंदाचे दिवस फार नसत.

या वेळी सगळं नीट करायचं त्याने ठरवलं होतं. आतापर्यंत दोन्ही शवागारांतले काँप्युटर रोज संध्याकाळी आपापले फोटो सर्व्हरवरच्या एकाच फोल्डरमध्ये पाठवत. आता पाठवापाठवी बंद. लिनक्सवर चालणाऱ्या नव्या मशीनवर दोन फोल्डर, एक खालचा, एक नदीपलीकडचा. दोन्ही शवागारांना ते आपल्याच काँप्युटरवर असल्यासारखे दिसतील आणि फोटो थेट तिथेच ठेवला जाईल. ओळखकक्षातल्या तीन काँप्युटरांना तेच फोल्डर दिसतील, पण फक्त बघण्यापुरते. कोणाला काही पुसता येणार नाही, बदलता येणार नाही. बघा, पण हात लावू नका, एवढीच परवानगी. आयुष्यभर लावलेल्या परवानग्यांमध्ये ही त्याची सर्वांत आवडती होती.

दुपारपर्यंत दोन्ही फोल्डर उभे राहिले. पूर्वीचे फोटोही त्यांत आणायचे होते. जुन्या सर्व्हरवर ते एकत्र झाले होते, ते कोण वेगळे करत बसणार? त्यापेक्षा दोन्ही शवागारांतल्या मूळ काँप्युटरांवरूनच घेऊ, म्हणून त्याने ते मागवले. नदीपलीकडे काम सुरू झालं तेव्हापासूनचे, चौदा महिन्यांचे. खालचे दोनशे बारा, पलीकडचे एकशे अठरा. एकूण तीनशे तीस.

सवयीने त्याने जुन्या सर्व्हरवरचेही मोजले. दोनशे त्र्याण्णव.

त्याने परत मोजले. मग चहा प्यायला गेला, येऊन तिसऱ्यांदा मोजले. सदतीस फोटो कमी होते.

कारण शोधायला त्याला पाचच मिनिटं लागली. फोटोंना नावं त्यानेच ठरवून दिली होती. शवागारातली माणसं मनाला येईल ते लिहायची, म्हणून त्याने नियम केला: आजची तारीख, पुढे आजचा नंबर. पहिला, दुसरा, तिसरा. तेव्हा शवागार एकच होतं. चौदा महिन्यांपूर्वी पलीकडचं जोडलं गेलं, तेव्हा त्याने खालचीच व्यवस्था जशीच्या तशी उचलून तिकडे ठेवली. पलीकडची लाईन सारखी तुटायची, अर्धाच फोटो यायचा आणि तो अर्धा फोटो पुढच्या पूर्ण फोटोला आत येऊ द्यायचा नाही. त्यावर त्याने उपाय केला होता: त्याच नावाची फाईल आधीच असेल तर तिच्यावर नवी लिहा.

खालचे फोटो सहाला यायचे, पलीकडचे सव्वासहाला. ज्या दिवशी दोन्हीकडे बेवारस प्रेत आलं, त्या दिवशी पलीकडच्या पहिल्याने खालच्या पहिल्याला पुसून टाकलं. पंधरा मिनिटांत. रोजच्या नोंदीत दोन्ही ओळी होत्या आणि दोन्हींपुढे एकच शेरा होता: यशस्वी. गेले चौदा महिने तो शेरा रोज वाचून तो समाधानाने घरी गेला होता.

सदतीस माणसं खाली आली, त्यांचे फोटो निघाले आणि ते वरच्या खोलीत कोणी कधी पाहिलेच नाहीत.

तो तळघरात गेला. शवागारात फोटो काढण्याचं काम मामांकडे होतं. सगळ्या इस्पितळाचे ते मामा होते, खऱ्या भाच्यांनी मात्र त्यांना कधी विचारलं नव्हतं.

“मामा, तुम्ही काढलेले फोटो वर पोचतात की नाही, कधी पाहिलंत?”

“मी कशाला पाहू?” मामा म्हणाले. “तूच म्हणालास, मामा, बटण दाबा आणि विसरा. मी दाबतो आणि विसरतो. का, काय झालं?”

“काही नाही.”

“तोंड बघ आरशात. म्हणे काही नाही.”

वायरमन मामांच्या काँप्युटरवर बसला आणि सदतीस फोटो एकेक करून उघडायला लागला. चेहऱ्यांकडे त्याने पाहिलंच नाही. सात महिने ताईंच्या शेजारी बसून त्याचीही नजर आपोआप कॉलरकडे जायला लागली होती. अकराव्या फोटोत राखाडी चौकडा होता. त्याने तो मोठा केला. घडीवर कापड नवं होतं, आणि कॉलरचं एक टोक जिथे वळलं होतं तिथे आतली बाजू विरलेली दिसत होती. शिलाईच्या शेवटी तीन टाके मागे घेतलेले.

त्याने स्वतःच्या मानेमागे हात नेला. अंगात तोच शर्ट होता. कॉलरच्या टोकाला बोटांनी चाचपलं, तीन टाके लागले.

तारीख त्याने ओळखकक्षाच्या वहीशी ताडून पाहिली. तो माणूस सोमवारी सापडला होता, बागेतल्या बाकावर. ओळख पटली नाही तर आठ दिवस ठेवायचं, मग पालिकेच्या जागेत पुरायचं आणि नंबराचा खांब ठोकायचा, असा नियम. त्या आठवड्यात ताई पहिल्यांदाच आल्या होत्या आणि रोज आल्या होत्या. मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार. पाच सह्या. पाचही दिवस नवरा खाली होता आणि बायको वर. मधे वीस पायऱ्या.

वायरमनला त्या शनिवारचं सगळं आठवलं. ताईंनी पिशवी पोटाशी धरून विचारलं होतं, “भाऊ, एकदा खाली जाऊन बघू का? मनाची खात्री होईल.” फोटो ओळखल्याशिवाय खाली सोडायचं नाही, हाही नियम होता. आणि तो म्हणाला होता, “फोटोत नाही म्हणजे खालीही नाही, ताई. माझ्यावर विश्वास ठेवा.”

नंतर ताईंनी शहर पालथं घातलं. आश्रम, स्टेशनं, दुसऱ्या गावांची इस्पितळं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, लहानपणी ही म्हण आपण किती हसत पाठ केली होती, हे वायरमनला आठवलं आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

मंगळवारी सकाळी तो साहेबांसमोर उभा राहिला. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. वाईट माणूस नव्हता तो. त्यालाही धक्का बसलेला दिसला.

“आता पुढे असं होणार नाही ना?” त्याने विचारलं.

“नाही. फोल्डर वेगळे केलेत.”

“मग ते सदतीस टाका नव्या फोल्डरात, त्यांच्या त्यांच्या तारखेला. ज्याला ओळखायचं तो ओळखेल.”

“साहेब, बघणाऱ्यांना फक्त शेवटच्या तीन महिन्यांचे दिसतात. जुने आपण काढून दाखवले तरच.”

साहेबाने उठून दार लावून घेतलं.

“झाकली मूठ सव्वा लाखाची, वायरमन. उघडलीत की चौकशी. सदतीस घरांचे लोक दारात. आणि ती व्यवस्था केली कोणी, असं विचारलं की बोट कोणाकडे? दोन वर्षं राहिलीत तुमची. मी तुमच्या भल्याचं सांगतोय.”

ते खरंच त्याच्या भल्याचं होतं, हीच पंचाईत होती. वायरमन बरं म्हणाला आणि बाहेर आला. दिवसभर त्याने तीन प्रिंटर दुरुस्त केले. ते कोणाचे होते हेही त्याला नंतर सांगता आलं नसतं.

संध्याकाळी घरी जेवताना त्याने बायकोला सांगितलं. ती ऐकताना वाढायची थांबली.

“सांगून काय होणार?” ती म्हणाली. “तो माणूस परत येणार आहे का?”

“नाही.”

“तिचा जीव तेवढा आणखी तळमळेल. खाली होता म्हणून कळल्यावर झोप लागेल का त्या बाईला? आणि तुमची नोकरी जाईल ती वेगळीच.”

“हो.”

तिने त्याच्या ताटात भाजी वाढली आणि ताटाकडेच बघत राहिली.

“एक सांगू?” ती शेवटी म्हणाली. “उद्या तुम्ही दोरा आणायला गेलात आणि आलाच नाहीत, तर मी दार लावून झोपायचीच नाही. वर्षानुवर्षं. ती बाई लावत असेल का हो दार?”

वायरमनने पाण्याचा पेला उचलला.

“भित्रे तर तुम्ही पहिल्यापासूनच आहात,” बायको हलक्या आवाजात म्हणाली. “पण लबाड नव्हतात.”

बुधवारी तो नेहमीपेक्षा तासभर आधी ऑफिसला पोचला. हाताने लिहिलेला दोन पानी अर्ज त्याने आवक खिडकीवर दिला. काय झालं, कशामुळे झालं, कोणी केलं, आणि सदतीस फोटोंच्या तारखांची यादी. कारकुनाने न वाचताच शिक्का मारला आणि पोच दिली. शिक्का आधी पडायला हवा होता. ताईंसमोर ऐनवेळी जीभ अडखळेल आणि आपण “पुढचा” म्हणत माउसचं चाक फिरवत राहू, याची वायरमनला खात्री होती. स्वतःला तो चांगला ओळखत होता.

ताई अकराला आल्या. वहीत सही केली, दोन नंबरच्या काँप्युटरसमोर बसल्या, चष्मा पुसला.

“आज सुकलेले दिसता, भाऊ. बरं नाही का?”

“ताई, फोटो बघायच्या आधी मला बोलायचंय.”

त्याने सांगितलं. कोरडं, सरळ, जसं अर्जात लिहिलं होतं तसं. दोन्हीकडून एकाच नावाचा फोटो आला, दुसरा पहिल्यावर बसला, पहिला पुसला गेला. ती व्यवस्था माझी होती. तपासायला हवं होतं, मी तपासलं नाही.

ताईंना पहिल्यांदा काही कळलं नाही. मग हळूहळू कळायला लागलं. तसतसे त्यांचे हात पिशवीच्या बंदांवर घट्ट झाले.

“म्हणजे हे होते?”

“होते.”

“कुठे?”

वायरमनने जमिनीकडे बोट दाखवलं.

“किती दिवस?”

“आठ.”

बाहेर कोणीतरी स्ट्रेचर ढकलत नेलं. त्याचं एक चाक कुरकुरत होतं.

“मी विचारलं होतं तुम्हाला,” ताई म्हणाल्या. “खाली बघू का म्हणून.”

“हो.”

“तुम्ही नाही म्हणालात.”

“हो, ताई.”

त्या शिव्या देतील, रडतील, निदान हात उगारतील, असं वायरमनला वाटलं होतं. त्यातलं काहीही त्याला चाललं असतं. ताईंनी त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या मानेपाशी त्यांची नजर क्षणभर अडली आणि त्यांनी ती काढून घेतली.

“मला तुम्हाला काही म्हणता येत नाहीये,” त्या म्हणाल्या. “दाखवा.”

त्याने फोटो उघडला.

“कॉलर मोठी करा.”

चौकडा पडदाभर पसरला. ताईंनी बोट पुढे केलं आणि काचेवरून शिलाईवर हळूहळू फिरवत नेलं, टोकापर्यंत, तीन टाक्यांपर्यंत. तिथे बोट थांबलं.

“माझीच,” त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, “आता चेहरा दाखवा.”

सात महिन्यांत चेहरा दाखवा असं त्या एकदाही म्हणाल्या नव्हत्या. वायरमनने चाक उलटं फिरवलं. मग तो उठून भिंतीशी जाऊन उभा राहिला आणि फळ्यावरची सूचना वाचत राहिला. ती सूचना त्यानेच टाईप केली होती. ताईंचं रडणं फार हलकं होतं. शेजारच्या काँप्युटरवर बसलेल्या माणसालाही ते ऐकू गेलं नसेल.

“कुठे ठेवलंय ह्यांना?” बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं.

“पालिकेच्या जागेत. खांबावर नंबर आहे. नाव लावायला त्यांच्याकडे अर्ज द्यावा लागेल, मी लिहून देतो. तुमच्याबरोबर येतोही.”

“येऊ नका,” ताई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. “अर्ज लिहून द्या.”

“बरं.”

“हे काय आहे?” त्यांनी पडद्याच्या खालच्या कडेला बोट लावलं. तिथे तारीख होती आणि पुढे एक आकडा.

“फाईलचं नाव आहे. खांबावरही तेच, शेजारी इस्पितळाचं नाव.”

“तिथलं लागेल तेव्हा लागेल. इथलं आत्ता बदला.”

त्या काँप्युटरवरून काही बदलता येत नव्हतं, तशी परवानगीच त्याने ठेवली नव्हती. तो परत ताईंच्या शेजारच्या खुर्चीत बसला, स्वतःच्या नावाने सर्व्हरवर शिरला आणि आज्ञा लिहायच्या काळ्या खिडकीत फोल्डर उघडला. आकड्यांच्या रांगा सरकल्या. त्याने जुनं नाव लिहिलं आणि बोटं थांबवून ताईंकडे पाहिलं.

ताईंनी नवऱ्याचं नाव सांगितलं. आधी नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. सात महिने “आमचे हे” म्हणणाऱ्या ताईंना ते उच्चारायला वेळ लागला. वायरमनने एकेक अक्षर टाईप केलं, त्यांना वाचून दाखवलं आणि बरोबर आहे ना विचारलं. त्यांनी मान हलवली.

एंटर दाबायच्या आधी तो थांबला. वरपासून खालपर्यंत त्याने सगळा फोल्डर शोधून पाहिला, मग पलीकडचाही, आणि मग दोन्ही पुन्हा एकदा. त्या नावाचं दुसरं कोणीही तिथे नव्हतं.